एक किलोमीटरचे वर्तुळ आणि ०.३ मिलिमीटरची भिंत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीतील डार्मश्टाट येथे उभारल्या जाणाऱ्या ‘फेअर’ या प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचे ऋणभारित प्रतिरूप) आणि आयन (विद्युतभारित अणू) संशोधन केंद्राचा आंतरराष्ट्रीय करार २०१० मध्ये झाला आणि बांधकाम २०१७ मध्ये सुरू झाले. त्याच्या मुख्य सिंक्रोट्रॉनचा (कणांना वर्तुळात फिरवत वेग देणाऱ्या यंत्राचा), म्हणजे एसआयएस-१०० चा, परीघ जेमतेम १.१ किलोमीटर आहे आणि त्याच्या चुंबकांचे क्षेत्र १.९ टेस्ला आहे. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या प्रोटॉन-त्वरकाचा परीघ २७ किलोमीटर, चुंबकीय क्षेत्र ८.३ टेस्ला, आणि तरी तो २००८ मध्येच सुरू झाला. मग त्याच्या तुलनेत लहान आणि सौम्य वाटणाऱ्या या यंत्रात अभियंत्यांचे अडते कुठे? शेवटी आपण असेही विचारले आहे, की पुण्याजवळच्या कारखान्यात प्रेशर व्हेसलचे (दाब सोसणाऱ्या टाक्यांचे) संकल्पन करणाऱ्या माणसाला अशा कामात काही स्थान आहे का.

उत्तरापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट करतो. माझे काम वीस वर्षांहून अधिक काळ त्वरकांच्या निर्वात यंत्रणांवर झाले आहे, त्यामुळे मला हे यंत्र बीम पाइपच्या, म्हणजे कणांचा झोत (बीम) ज्या नळीतून धावतो तिच्या, आतून दिसते. चुंबकाच्या किंवा विद्युत पुरवठ्याच्या तज्ज्ञाने हेच उत्तर दुसऱ्या टोकापासून सुरू केले असते. दुसरे म्हणजे, अशा प्रकल्पाला लागणाऱ्या वर्षांपैकी सगळी वर्षे अभियांत्रिकीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. निधी, अनेक देशांमधील वाटाघाटी आणि २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाशी थांबलेले सहकार्य यांचाही त्यात वाटा आहे, आणि प्रतिप्रोटॉनांचा भाग पुढच्या टप्प्यांवर गेला तो बहुतांशी याच कारणांनी. पुढे मी फक्त अभियांत्रिकीविषयी लिहितो.

आपल्या प्रश्नात त्वरकाची अवघडता ऊर्जा आणि आकार या दोन मापांनी मोजली गेली आहे. एलएचसीसाठी ते माप योग्य आहे, कारण तिथे प्रत्येक प्रोटॉनला शक्य तितकी जास्त ऊर्जा द्यायची असते. फेअरमध्ये हवी आहे ती कणांची संख्या, आणि तीही युरेनियमसारख्या जड आयनांची : एका आवर्तनात, म्हणजे आयन भरून, वेग देऊन बाहेर सोडण्याच्या एका खेपेत, सुमारे ५० हजार कोटी आयन. इतके धन विद्युतभारित आयन एकत्र आणले की ते एकमेकांना ढकलू लागतात, आणि हे ढकलणे प्रत्येक आयनावरील भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. युरेनियमच्या अणूत ९२ इलेक्ट्रॉन असतात. त्यांतील ७३ काढून टाकले, तर आयनाला वेग देणे आणि वळवणे सोपे जाते, पण वर्तुळात मावणारी आयनांची संख्या घटते. फक्त २८ काढले, तर ७३ भागिले २८ याचा वर्ग, म्हणजे जवळजवळ सातपट आयन मावू शकतात. म्हणून निवड झाली ती २८ धन भाराच्या युरेनियमची. माझ्या मते या यंत्रातील जवळपास प्रत्येक अडचणीचे मूळ या एकाच निर्णयात आहे, आणि तरीही तो निर्णय बरोबर आहे.

त्याची पहिली किंमत आकाराच्या रूपाने मोजावी लागते. भार कमी असलेला आयन चुंबकाला दाद देत नाही, त्याला वळवण्यासाठी क्षेत्र आणि त्रिज्या यांचा गुणाकार मोठा लागतो. तिथल्याच जुन्या एसआयएस-१८ या सिंक्रोट्रॉनमध्ये हा गुणाकार १८ टेस्ला-मीटर आणि परीघ सुमारे २१६ मीटर आहे. नव्या यंत्रात तो १०० टेस्ला-मीटर आणि परीघ बरोबर पाचपट आहे. एवढे करूनही युरेनियमच्या प्रत्येक न्यूक्लिऑनला (अणुकेंद्रातील प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनला) मिळणारी ऊर्जा २.७ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच असते, तर त्याच वर्तुळात प्रोटॉन २९ अब्जांपर्यंत जातो.

दुसरी किंमत निर्वातात मोजावी लागते, आणि ती अधिक कठोर आहे. २८ भाराच्या आयनावर अजून ६४ इलेक्ट्रॉन शिल्लक असतात आणि त्यांतील बाहेरचे इलेक्ट्रॉन सहज निसटतात. वाटेत हवेचा एखादा रेणू भेटला, की एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि आयनाचा भार २९ होतो. आता तो चुंबकात इतरांपेक्षा जास्त वळतो आणि थोड्याच अंतरावर पाइपच्या भिंतीवर आदळतो. त्या एका आघाताने भिंतीला चिकटलेले वायूचे हजारो रेणू सुटतात, ते पुढच्या फेरीतील आयनांच्या वाटेत येतात, त्यामुळे आणखी आयन भिंतीवर जातात आणि आणखी वायू सुटतो. पूर्ण वेग आल्यावर आयन सेकंदाला अडीच लाखांहून अधिक फेऱ्या मारतात, तेव्हा ही साखळी किती झपाट्याने वाढत असेल याची कल्पना करा. बीम थोडा असताना सगळे सुरळीत चालते. संख्या वाढवत नेली, की एका मर्यादेनंतर जितके जास्त आयन सोडावेत तितके कमी हाती लागतात. जड आयनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांनी हा अनुभव प्रत्यक्ष घेतलेला आहे, आणि पंप मोठे लावून तो प्रश्न सुटत नाही, कारण वायू जिथे सुटतो तिथून पंपापर्यंत पोहोचायला त्याला बीमच्या तुलनेत फार वेळ लागतो.

यावर दोन उपाय एकत्र वापरले जातात. पहिला म्हणजे भिंतीचाच पंप बनवणे. पाइपची भिंत १५ ते २० केल्विनपेक्षा (शून्य केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियस) थंड ठेवली, तर नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, पाण्याची वाफ हे सगळे तिच्यावर गोठून बसतात. हायड्रोजन मात्र पातळ थर असेपर्यंतच चिकटतो आणि तापमान थोडे वर सरकले तरी सुटतो. अशा रीतीने गाठायचा दाब एका मिलिबारच्या एक लाख कोटीव्या भागाइतका असतो. सामान्य तापमानाच्या हिशेबाने एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २४ हजार रेणू, जिथे आपल्या श्वासातील हवेत तेवढ्याच जागेत ते अब्जावधींच्याही अब्जपट असतात.

दुसरा उपाय मला अधिक आवडतो, कारण त्यात संपूर्ण वर्तुळाची मांडणीच निर्वाताच्या सोयीने केली आहे. भार बदललेले आयन कुठे आदळतील हे आधीच ठरवता येते, कारण ते किती जास्त वळणार हे आपल्याला माहीत असते. एसआयएस-१०० मध्ये क्वाड्रुपोल, म्हणजे झोत एकवटणाऱ्या, चुंबकांची रचना अशी ठेवली आहे, की हे भरकटलेले आयन बहुतांशी ठरावीक ठिकाणीच जावेत, आणि तिथे त्यांना झेलण्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे ठोकळे बसवलेले असतात. आयन भिंतीला तिरका घासून गेला तर फार वायू सुटतो. समोरून सरळ आदळला तर तुलनेने कमी. ठोकळ्याभोवतीची भिंत अतिथंड ठेवतात, पण ठोकळा मुद्दाम तिच्यापेक्षा गरम, ५० ते ८० केल्विनच्या आसपास ठेवला जातो. तो जर सर्वांत थंड असता, तर सगळा वायू त्याच्यावरच गोठला असता आणि पुढच्या आयनाने तोच उडवला असता.

आता चुंबकांकडे येऊ. १.९ टेस्ला हा आकडा अतिसंवाहक (अतिथंड केल्यावर विनाविरोध वीज वाहणाऱ्या तारेच्या) चुंबकांच्या जगात लहान आहे हे खरे. पण एलएचसीचे चुंबक पूर्ण क्षेत्रावर जायला सुमारे वीस मिनिटे घेतात, आणि एसआयएस-१०० चे चुंबक सेकंदाला ४ टेस्ला या वेगाने, म्हणजे अर्ध्या सेकंदात पूर्ण क्षेत्रावर जातात, खाली येतात आणि पुन्हा वर जातात. हा वेग एलएचसीच्या सुमारे सहाशेपट आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या प्रत्येक धातूत एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत प्रवाह, वाहतात, आणि त्यांची उष्णता या वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे तोच धातूचा तुकडा तीन लाखांहून अधिक पट तापेल. वर, ४.५ केल्विनला निर्माण झालेली एक वॅट उष्णता बाहेर काढण्यासाठी शीतकरण संयंत्राला प्रत्यक्षात २५० ते ३०० वॅट वीज लागते. म्हणून इथे वेगळी जात वापरली आहे : क्षेत्राला आकार देण्याचे काम लोखंडी गाभा करतो आणि अतिसंवाहक तार फक्त प्रवाह पुरवते. लोखंड २ टेस्लाच्या आसपास संपृक्त होते, म्हणजे त्यापुढे क्षेत्र वाढवायला फारशी मदत करत नाही, म्हणून १.९ वर थांबावे लागते. तारेची रचना रशियातील दुबना येथील न्यूक्लोट्रॉन या त्वरकावरून घेतलेली आहे : मध्ये एक बारीक नळी, तिच्यावर गुंडाळलेल्या नायोबियम-टायटॅनियमच्या तारा, आणि नळीतून वाहणारे, अंशतः द्रव आणि अंशतः वायू असलेले हेलियम. असे १०८ डायपोल, म्हणजे झोत वळवणारे चुंबक, वर्तुळात आहेत.

इतकी घाई कशासाठी, असे आपण विचाराल. जास्त आवर्तने म्हणजे जास्त आयन, हे एक कारण. दुसरे कारण पुन्हा निर्वाताचे आहे : आयन मंद असताना त्याचा इलेक्ट्रॉन निसटण्याची शक्यता अधिक असते, म्हणून त्याला जितक्या लवकर वेग द्यावा तितके नुकसान कमी. परंतु क्षेत्र वेगाने चढवले, की भिंतीत एडी करंट वाहतात, भिंत तापते, तिच्यावर गोठलेला हायड्रोजन सुटतो आणि निर्वात बिघडते. निर्वात राखण्यासाठी केलेली घाईच निर्वाताच्या मुळावर येते. सुटका एकच, भिंत पातळ करणे. पातळ भिंतीत प्रवाह कमी आणि उष्णता कमी. एसआयएस-१०० च्या डायपोलमधील स्टेनलेस स्टीलच्या पाइपची भिंत ०.३ मिलिमीटर जाडीची आहे ती यामुळे.

इथे आपला विषय सुरू होतो, म्हणून एक ढोबळ हिशेब मांडतो. १२० मिलिमीटर व्यासाचा, ०.३ मिलिमीटर जाडीचा, लांब आणि साधा गोल स्टीलचा पाइप घ्या. बाहेरच्या दाबाखाली पातळ नळी चेपण्याचे नेहमीचे सूत्र लावले, तर हा पाइप सुमारे ७ हजार पास्कलला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चौदाव्या हिश्श्याच्या आसपास, आत बसतो. आणि प्रत्यक्षातला पाइप गोल नसून लंबवर्तुळाकार आहे, जो चेपण्याच्या बाबतीत आणखी कमजोर. काम चालू असताना पाइपच्या बाहेरही निर्वात असते, हे खरे. पण चाचणीच्या वेळी किंवा बाहेरचे निर्वात अचानक गेले तर त्याने पूर्ण एक वातावरण सोसले पाहिजे. म्हणून बाहेरून फासळ्या लावाव्या लागतात. फासळ्या लावल्या की धातू वाढला, धातू वाढला की एडी करंट वाढले. शिवाय भिंत थंड ठेवण्यासाठी पाइपाच्या लांबीभर हेलियमच्या नळ्या जोडाव्या लागतात, आणि नळ्या, फासळ्या व भिंत मिळून धातूची बंद साखळी तयार झाली, तर तिच्यातून भिंतीपेक्षाही मोठे प्रवाह वाहतील. म्हणजे नळीतून भिंतीकडे उष्णता जाऊ द्यायची, पण वीज जाऊ द्यायची नाही. सिरॅमिकचा पाइप का नको, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ब्रिटनमधील आयसिस या वेगवान सिंक्रोट्रॉनमध्ये सिरॅमिकचेच पाइप आहेत आणि ते उत्तम चालतात. पण ते सामान्य तापमानाचे यंत्र आहे. सिरॅमिकची भिंत जाड करावी लागते, त्याने बीमसाठीची जागा कमी होते, आणि जागा राखायची तर चुंबक मोठा करावा लागतो.

याच भिंतीवर दर आवर्तनाला चुंबकीय बलही येते, कारण तिच्यात प्रवाह आहे आणि ती क्षेत्रात आहे. वर्षभरात अशी लाखो आवर्तने होतात. तेव्हा चेपण्याबरोबर थकव्याचाही हिशेब करावा लागतो, आणि तो अशा तापमानाला जिथे पोलाद अधिक मजबूत होते, पण त्याचा चुंबकीय स्वभावही बदलू शकतो. जोडाच्या वेल्डमध्ये फेराइटचा (पोलादाच्या चुंबकीय रूपाचा) अंश राहिला, तर तो जागच्या जागी क्षेत्र बिघडवतो. यासाठी पोलादाचा प्रकार आणि वेल्डिंगची पद्धत चुंबक-तज्ज्ञाच्या संमतीशिवाय ठरवू नये, असे मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगत आलो.

गळतीविषयी माझा एक अनुभव सांगतो. प्रयोगशाळेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. एका अतिथंड चुंबकाच्या चाचणीत सामान्य तापमानाला सर्व जोड हेलियमच्या गळती-शोधकावर निर्दोष ठरले होते. थंड करायला घेतल्यावर सुमारे ६० केल्विनच्या खाली दाब वाढू लागला. गरम केले, गळती नाहीशी झाली. पुन्हा थंड केले, पुन्हा आली. प्रत्येक फेरीला दहा-बारा दिवस लागत होते आणि आमच्या तीन फेऱ्या गेल्या. शेवटी दोष सापडला तो तांबे आणि स्टेनलेस स्टील यांच्या जोडात. दोन्ही धातू थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, आणि त्या जोडाजवळच्या आधाराला सरकायला जागाच ठेवलेली नव्हती. आधाराचे रेखाचित्र एका गटाचे होते, जोड दुसऱ्या गटाचा, आणि दोन्ही रेखाचित्रे आपापल्या जागी अचूक होती. त्या प्रसंगानंतर मी कोणत्याही भागाचा आढावा घेताना आधी विचारू लागलो, की थंड झाल्यावर हा भाग किती आणि कोणत्या दिशेला सरकणार, आणि त्याच्या शेजाऱ्याला ते माहीत आहे का. एलएचसीच्या बाबतीतही पहिल्या बीमनंतर अवघ्या ९ दिवसांनी, १९ सप्टेंबर २००८ रोजी, जो अपघात झाला, तो दोन चुंबकांमधल्या विद्युत जोडातील दोषामुळे. सुमारे ६ टन हेलियम बाहेर पडले, ५३ चुंबक काढून दुरुस्त करावे किंवा बदलावे लागले, आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला २००९ चा नोव्हेंबर उजाडला.

प्रतिप्रोटॉनांची गोष्ट वेगळी आहे, कारण ते निसर्गात साठवलेले मिळत नाहीत. वेगवान प्रोटॉन धातूवर आदळून ते घडवावे लागतात. स्थिर प्रोटॉनवर प्रोटॉन आदळून प्रतिप्रोटॉन निर्माण होण्यासाठी किमान ५.६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. १९५५ मध्ये बर्कलेच्या बेव्हाट्रॉनवर तो प्रथम सापडला, कारण ते यंत्र या मर्यादेच्या थोडे पुढे जाऊ शकत होते. फेअरमध्ये २९ अब्जांचे प्रोटॉन वापरायची योजना आहे, तरीही साधारण एक लाख प्रोटॉनांमागे वापरता येण्याजोगा एक प्रतिप्रोटॉन हाती लागतो. तोही वेगवेगळ्या दिशांनी आणि वेगवेगळ्या संवेगांनी बाहेर पडणाऱ्या गर्दीतून वेचावा लागतो. हे वेचणे जमावे म्हणून प्रोटॉनांची तुकडी अत्यंत आखूड, ५० नॅनोसेकंदांच्या आसपास असावी लागते, आणि त्याची झळ लक्ष्याला बसते : इतक्या कमी वेळात धातू तापतो, की त्याला प्रसरण पावायला सवड मिळत नाही आणि त्यात दाबाच्या लाटा उठतात. सर्नच्या प्रतिप्रोटॉन यंत्रणेत लक्ष्य म्हणून इरिडियमची अवघ्या ३ मिलिमीटर व्यासाची कांडी वापरतात आणि तिच्या पुढे सुमारे ४ लाख अँपिअरचा स्पंद सोसणारे चुंबकीय शिंग, म्हणजे विखुरणाऱ्या कणांना एका दिशेला आणणारे उपकरण, असते. हे सगळे किरणोत्सारी झाल्यावर हाताने बदलता येत नाही; म्हणून बोल्टची जागा, उचलण्याच्या कड्या, दूरनियंत्रित यंत्राच्या हाताला लागणारी मोकळी जागा यांचा विचार संकल्पनाच्या पहिल्या दिवशी करावा लागतो.

वेचलेल्या प्रतिप्रोटॉनांची विस्कळीत गर्दी पुढे सुमारे २२० मीटर परिघाच्या संग्राहक वर्तुळात शिस्तीत आणायची असते. त्यासाठीची पद्धत सायमन व्हॅन डेर मीर यांनी शोधली आणि १९८४ चे नोबेल त्यांना कार्लो रुबिया यांच्याबरोबर मिळाले. वर्तुळाच्या एका बाजूला कणांचे सरासरी विचलन टिपायचे, तो संकेत वर्तुळ छेदून सरळ रेषेत पलीकडे पाठवायचा आणि तेच कण वळसा घालून तिथे पोहोचताच त्यांना उलट दिशेने हलका धक्का द्यायचा. असे लाखो वेळा. संकेत इतका क्षीण असतो, की टिपणारे इलेक्ट्रोडसुद्धा अतिथंड ठेवावे लागतात, नाहीतर त्यांचा स्वतःचाच औष्णिक गोंगाट कणांच्या आवाजावर मात करतो.

जमिनीविषयी थोडेच लिहितो, कारण तो माझा विषय नाही. वर्तुळाचा बोगदा १७ मीटर खोल आहे आणि वर व बाजूंना जाड काँक्रीटचे कवच लागते. जड इमारती असमान खचू नयेत म्हणून तिथे सुमारे १३५० काँक्रीटचे खांब, काही ६० मीटरपर्यंत, जमिनीत उतरवले गेले. चुंबकांची जागा मिलिमीटरच्या अंशांत राखायची असेल, तर खालच्या मातीलाही हिशेबात धरावे लागते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. भारत २०१० च्या करारावर सही करणाऱ्या नऊ देशांपैकी एक आहे. आपला वाटा कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमार्फत आहे आणि त्यातील बराच भाग पैशाऐवजी उपकरणांच्या रूपाने दिला जातो. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने चुंबकांचे विद्युत पुरवठा संच बनवले. निर्वात कक्षही भारताच्या वाट्यात आहेत. त्याआधी एलएचसीच्या चुंबकांखालचे सुमारे ७ हजार अचूक जॅक भारतातून गेले होते. आपल्याला जागा मिळेल की नाही हे जाहिरातींवर, कारखान्यावर आणि आपल्या तयारीवर अवलंबून आहे, त्याविषयी मी आश्वासन देऊ शकत नाही. पण पातळ भिंतीचे चेपणे, वेल्डची गुणवत्ता, थकवा आणि तापमानाने होणारे सरकणे ही चारही कामे प्रेशर व्हेसलच्या माणसाची आहेत, आणि अशा प्रकल्पांत ती कामे नीट जाणणारी माणसे मला नेहमी कमीच दिसली. आपल्याला नवीन शिकावे लागेल ते दोन गोष्टींत : निर्वातासाठीची स्वच्छता, ज्यात बोटाचा एक ठसाही महागात पडतो, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रातील धातूचे वर्तन.

सुरुवात म्हणून वर दिलेलाच पाइप घ्या. पूर्ण एक वातावरण दाब सोसण्यासाठी आणि त्यावर योग्य सुरक्षा गुणांक ठेवण्यासाठी त्याच्यावर किती उंचीच्या, किती अंतरावर आणि किती जाडीच्या फासळ्या लागतील, हे आधी गोल आणि मग १२० बाय ६० मिलिमीटरच्या लंबवर्तुळाकार छेदासाठी काढून पाहा. उत्तर इथेच लिहा. त्या फासळ्यांमध्ये ४ टेस्ला प्रति सेकंदाला किती उष्णता तयार होईल, तो हिशेब मी त्याखाली जोडतो.